लालबागचे ओले बोंबील नागपूरला

आमच्या टॉवरमधल्या बायका युरोपला जाऊन येतात आणि महिनाभर ट्यूलिपचे फोटो दाखवत फिरतात. मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला जाऊन आले. माझ्याकडे दाखवण्यासारखा एकच फोटो आहे: एका काळ्या डब्यावर निळ्या दिव्यात उमटलेला तीनचा आकडा. तो मी आतापर्यंत चाळीसेक जणांना तरी दाखवला असेल. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटलं की मी त्याला बसवून घेते आणि पहिल्यापासून सगळं सांगते. आता लिहूनच काढते, म्हणजे घसा वाचेल.

मी शुभदा. वय त्रेसष्ट. एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी केली. जन्म लालबागच्या चाळीतला आणि मुक्काम त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, गिरणी बंद पडेपर्यंत विणाई खात्यात होता. दोन वर्षांपूर्वी तो आणि वहिनी मुलाकडे नागपूरला राहायला गेले. गेल्या वर्षी त्याच्या घशाला गाठ निघाली. रेडिएशन झालं, गाठ गेली, रिपोर्ट चांगले आले. पण जाताना ती गाठ त्याची चव घेऊन गेली. चार महिने माणूस जेवत नव्हता. वहिनी पेज करायची, खीर करायची, सांजा करायची, आणि तो दोन चमचे घेऊन ताटली सरकवायचा. वजन सत्तेचाळीसवर आलं. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल.

हे ऐकून मी फोन केला तेव्हा दादा म्हणाला, "सगळा मातीसारख्या लागता गो. ओलो बोंबील आसतो तर दोन घास गेले आसते."

चार महिन्यांत त्याने पहिल्यांदा खायच्या वस्तूचं नाव घेतलं होतं. मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं की मी नागपूरला बोंबील घेऊन चालले आहे.

आमचे हे म्हणाले, "मागचं विसरलीस वाटतं."

विसरेन कशी? मागे एकदा थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून मी बसने बोंबील पाठवले होते. नाशिकच्या पुढे डब्याला पाझर फुटला, ते पाणी कोणाच्या तरी बॅगेत गेलं, आणि क्लीनरने डबा रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवला. आमच्या घरात अजून कोणाचंही लग्न असलं तरी पहिल्या पंगतीला ही गोष्ट निघते.

ज्यांनी बोंबील कधी हाताळला नाही त्यांच्यासाठी सांगते. पापलेट, सुरमई बर्फात घातली की अमेरिकेलासुद्धा जाते. बोंबलाचं तसं नाही. तो निम्मा पाण्याचाच बनलेला. गोठवला तर वितळल्यावर लगदा होतो, न गोठवावा तर दुपारी वास मारतो. त्याला ना धड बर्फ चालतो ना धड हवा. म्हणून बोंबील खायचा तर समुद्राजवळ राहावं लागतं, आणि नागपूरपासून समुद्र किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे.

खोताची वाडी

यातून वाट काढली माझ्या मैत्रिणीने, फिलूने. फिलोमिना आणि मी सव्वीस वर्षं एकाच बोर्डावर शेजारी-शेजारी बसलो. ती गिरगावात खोताच्या वाडीत राहते, लाकडी जिन्याच्या घरात. तिथल्या गल्लीत अजूनही दुपारी इतकी शांतता असते की कोणाकडे मासे तळताहेत आणि कोणाकडे मसाला कुटताहेत ते कानाने कळतं. नवरा गेल्यावर तिने एकोणसाठाव्या वर्षी गाडी शिकली आणि तेव्हापासून तिला कुठेतरी जायचं असतंच.

तिने पलंगाखालून एक काळा डबा ओढून काढला. प्रवासाच्या बॅगेएवढा. "रॉनीचा आहे," ती म्हणाली. रॉनी तिचा मुलगा. "गोव्याला जाताना बिअर थंड ठेवायला घेतला. गाडीत सिगारेट लायटरचं भोक असतं ना, त्यात पिन घालायची. बर्फबिर्फ काय नको. किती डिग्री पाहिजे तेवढे आकडे दाबायचे."

"तीन दाबता येईल?"

"बाय, तू म्हणशील तर वजा अठरा पण दाबते."

मी त्या डब्याकडे बघत राहिले. लोकांनी बिअरसाठी किती अक्कल खर्च केली आहे, आणि आपण बोंबील पोचवायला थर्माकोल घेऊन बसलो होतो!

फिलू म्हणाली की गाडी ती चालवेल, मी फक्त शेजारी बसून डुलक्या काढायच्या नाहीत. रॉनीने फोनवर दोन नियम सांगितले. गाडी बंद झाली की डबा बंद होतो, पण झाकण उघडलं नाही तर दोन-तीन तास थंडावा टिकतो. आणि लॉजवर घरच्या प्लगला लावायची वायर वेगळी आहे, ती विसरू नका. तिसरंही काहीतरी तो सांगत होता, पण तेवढ्यात फिलूने "सगळं पुस्तकात लिहिलंय" म्हणून फोन ठेवला.

वरळी, दादर

ह्यांचं म्हणणं होतं की बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. म्हणून बुधवारी आम्ही रंगीत तालीम केली. सकाळी नऊला गिरगावच्या बाजारातून चार बोंबील घेतले, साफ करून डब्यात ठेवले, सोबत पियूषच्या दोन बाटल्या, आणि फिलूची लहानशी पांढरी गाडी घेऊन निघालो. दुपारी चारपर्यंत घरी जायचं नाही असं ठरवलं होतं.

उन्हात मुंबईत निष्कारण सात तास फिरणं हा अनुभव मी जन्मात घेतला नव्हता. इथल्या माणसाला कुठेतरी पोचायचंच असतं. चौपाटीवरून हाजी अलीला, तिथून वरळी सी-फेसला. तिथे गाडी लावून आम्ही डबा उघडला तर पियूषच्या बाटल्यांना बाहेरून घाम आला होता. समोर समुद्र, पाठीमागे बीडीडी चाळींच्या जागी चढणाऱ्या इमारती, आणि आम्ही दोघी बाटल्यांना तोंड लावून बसलो होतो. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा टक लावून बघत होते. फिलू त्यांना म्हणाली, "पियूष आहे अंकल, दुसरं काय नाय." त्यांचा विश्वास बसला नसावा.

मग दादरला गेलो. तिथे गाडी दीड तास एका जागी उभी राहिली, कारण पुढे कोणाची तरी वरात होती. आकडा तीनचा चार झाला नाही. परळवरून फिरून साडेचारला मी लालबागला घरी आले आणि ह्यांच्या नाकासमोर चारही बोंबील धरले.

हे बराच वेळ वास घेत राहिले. मासळीच्या बाबतीत आमच्या घरात ह्यांचं नाक म्हणजे कोर्ट. शेवटी म्हणाले, "आत्ता आणलेस खालून?"

मी बोंबलांना रवा लावला आणि तव्यावर टाकले. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

त्या आनंदात मी रात्रीचं जेवण लवकर उरकलं आणि शिलाई मशीन उघडलं. ज्या डब्याने माझी लाज राखली, तो असा उघडाबोडका गाडीत ठेवायचा? आमच्याकडे फ्रीजला कव्हर आहे, मिक्सरला आहे, वॉशिंग मशीनला आहे, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक आहे. जुन्या जाड सोलापुरी चादरीचं मी डब्याला चारी बाजूंनी नीट बसणारं कव्हर शिवलं, आकड्यापुरती खिडकी ठेवली आणि खाली लाल झालर लावली. माहितीपुस्तकाला मळ लागू नये म्हणून तेही पिशवीत घालून कपाटात ठेवलं.

फिलू कव्हर बघून म्हणाली, "अगो, ह्याला आता फक्त मुंडावळ्या बांधायच्या राहिल्या." पण मनातून तिलाही आवडलं होतं.

लालबाग, शुक्रवार

पहाटे साडेपाचला मी बाजारात पारूबाईच्या पुढ्यात उभी होते. इथूनच आमची आई मासे घ्यायची, तेव्हा पारूबाईची आई बसायची. टोपलीत बोंबील असे पडले होते, गुलाबी झाक असलेले, ओठांना हात लावला तर अजून लाळ सुटत होती. मी चाळीस मागितले.

"चाळीस? पंगत हाय काय?"

"दादासाठी. नागपूरला नेतेय."

तिने कोयता खाली ठेवला. "विणाईतल्या दादासाठी? तो आजारी हाय ना गो?" मग मी निवडलेले सगळे तिने परत टोपलीत टाकले आणि फळीखालून दुसरे काढले. "ते गिऱ्हाइकांचे. हे ने. आन बर्फात नको घालू, कापूस होईल. मीठ लाव आन दाबून ठेव, पानी काढ."

दाबायला आमच्याकडे आता पाटा-वरवंटा नाही. अकराव्या मजल्यावर कोण पाटा चढवतंय! चाळणीत बोंबील पसरले, वर ताट ठेवलं आणि ताटावर ह्यांनी निवृत्तीच्या दिवशी आणलेली आणि त्यानंतर एकदाही न उचललेली डंबेल्स ठेवली. ती शेवटी कामी आली याचा ह्यांना फार अभिमान वाटला. दोन तासांत वाटीभर पाणी निघालं. बोंबील पुसून, केळीच्या पानात थर देऊन स्टीलच्या डब्यांत भरले आणि ते डबे काळ्या डब्यात.

वहिनीला फोन करून बजावलं, "मीठ लावलेलं आहे. तू परत लावू नकोस. त्याचा घसा सोललेला आहे, खारट झालं तर हातचं जाईल." ती हो म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला होता की मला जास्त बोलवेना.

दहाला निघालो. मी चाकाखाली लिंबू ठेवलं, फिलूने आरशाला जपमाळ अडकवली. आम्ही दोन्हीकडून बंदोबस्त केला होता. मागच्या सीटवर, लाल झालर लावून, डबा बसला होता.

वैजापूरच्या आसपास

कसारा घाट चढेपर्यंत सगळं छान होतं. ह्यांचा तासातासाला फोन. मी कशी आहे, जेवले का, असलं काही नाही. फक्त "किती?" मी म्हणायची "तीन." हे म्हणायचे "बरं," आणि फोन बंद. लालबागला पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं.

समृद्धी महामार्गाला लागलो आणि मुंबईच्या माणसाला होते तशी आमची गत झाली. इतका मोकळा रस्ता बघून आम्हा दोघींना आधी काहीतरी चुकलंय असंच वाटलं. दोन्ही बाजूंना उघडी माळरानं, उन्हाने पांढरी झालेली. गाडी तापू नये म्हणून फिलूने एसी कमी केला. तासाभराने ह्यांचा फोन आला. "किती?"

मी मागे वळून बघितलं. "सात."

"सात?"

"खाली येईल," मी म्हणाले आणि फोन ठेवला. आला नाही. नऊ झाला. मग अकरा. फिलूने पिन काढून पुसून पुन्हा घातली. तेरा झाला. मग डब्याने तीनदा पीं पीं केलं आणि आकड्याच्या जागी नुसता दिवा लुकलुकायला लागला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला दादाची सरकवलेली ताटली दिसली. पंधरा दिवसांतले नऊ संपले होते. परत जाऊन पुन्हा सगळं करायला आता वेळ नव्हता, आणि त्याला तर सांगून बसले होते की निघालेय. मी रडायला लागले. फिलू म्हणाली, "नंतर रड. आधी बर्फ शोधू."

पहिला फाटा आला तिथे उतरलो. गावाच्या तोंडाशी एक रसवंती होती, पत्र्याच्या सावलीत, रसयंत्राला घुंगरं बांधलेली. नऊवारीतल्या एक बाई गल्ल्यावर होत्या आणि त्यांचे मालक ऊस घालत होते. मी बर्फ मागितला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. भाऊ, घसा, नळी, बोंबील. बोंबील म्हणजे काय हे त्या बाईंना माहीत नव्हतं. भाऊ म्हणजे काय हे माहीत होतं. त्या उठून गाडीपाशी आल्या, दार उघडून डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आवं ताई, ह्यो तर तापलाय! ह्याला गोधडीत का गुंडाळलंय?"

"गोधडी नाही, कव्हर आहे," मी म्हणाले.

"कवर असूंदे. तापलेल्या माणसाच्या अंगावर घोंगडी टाकली तर त्यो निवंल का? ह्येचं नाक कुठाय बघा की."

त्यांनी झालर वर केली. डब्याच्या बगलेला जाळी होती. आतली गरमी बाहेर टाकायची जाळी, आणि ती माझ्या जाड सोलापुरी चादरीने गच्च दाबली होती. बुधवारी कव्हर नव्हतं, म्हणून डबा दादरच्या उन्हातही तीनवर राहिला होता. त्याला मी माझ्या हाताने, डबल टीप मारून, कोंडला होता. रॉनी तिसरं काय सांगत होता ते मला तेव्हा समजलं.

फिलूने माझ्याकडे बघितलं. मी फिलूकडे बघितलं. आणि ती जी हसायला लागली, की तिथल्या बाकड्यावर बसूनच घेतलं तिने. "सव्वीस वर्षं," ती म्हणत होती, "सव्वीस वर्षं हिने ऑफिसचा हेडफोनपण रुमालात गुंडाळून ठेवला." मला राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा थोडं रडू आलं.

कव्हर काढलं. डबा सावलीत ठेवला, त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा केली. स्टीलचे डबे उघडले. वास आला नव्हता, पण बोंबलांना पुन्हा पाणी सुटलं होतं आणि वरचा थर जरा चिकट झाला होता. रसवंतीच्या मालकांनी बर्फाची लादी फोडून घमेल्यात दिली, त्यात आम्ही पाण्याच्या बाटल्या पुरल्या आणि त्या गार पाण्याने चाळीसच्या चाळीस बोंबील एकेक करून धुतले, निथळले, पुसले. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "लई नाजूक जात हाय," त्या म्हणाल्या. "लेकरासारखं धुतंय की."

अर्ध्या तासाने बोंबील पुन्हा आत भरून डबा सीटवर ठेवला आणि फिलूने गाडी चालू करून पिन घातली. दिवा स्थिर झाला. चौदा. दहा. आम्ही उसाचा रस पीत उभ्या होतो, आले-लिंबू घातलेला, आणि चौघंही त्या आकड्याकडे बघत होतो. सहा झाला तेव्हा मालकांनी नवीन ऊस घालायचा थांबवला. तीन झाला तेव्हा बाईंनी टाळी दिली. वरळीच्या बाकावर प्यायलेला पियूषही मला इतका गोड लागला नव्हता.

बाई रसाचे पैसे घेईनात. मी म्हटलं, मग हे कव्हर तरी ठेवा, नवं आहे. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, झालर बघितली आणि गल्ल्याच्या पेटीवर घातलं. अगदी मापाचं बसलं.

तेवढ्यात फोन वाजला. मधले दोन मी उचललेच नव्हते. "किती?"

"तीन," मी म्हणाले. मधल्या वेळाचं मी ह्यांना सांगितलं नाही. हे छापून आलं तर वाचतील.

जालना, संध्याकाळ

जालन्याला मुक्काम केला. लॉजच्या दारावरच पाटी होती: शुद्ध शाकाहारी, मांसाहारी पदार्थ आत आणण्यास सक्त मनाई. मुंबईत अशा पाट्या सोसायट्यांतून लागायला लागल्यापासून मला त्या वाचताच कपाळशूळ उठतो, पण इथे भांडायला वेळ नव्हता. काउंटरवरच्या मॅनेजरने डब्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, यात काय आहे?"

फिलू डोळ्याचं पातं न हलवता म्हणाली, "औषध. हिच्या भावाचं. सतत थंडीत ठेवावं लागतं."

तो माणूस खरंच चांगला होता. त्याने आम्हाला जनरेटरवर चालणाऱ्या प्लगची खोली दिली, डबा स्वतः उचलून नेला, जाळीसमोरची खुर्ची बाजूला सरकवली आणि विचारलं की पेशंट आता कसा आहे. मी म्हणाले, उद्या कळेल. आम्ही खोटं बोललो असं मला तेव्हाही वाटलं नाही.

जेवणात भाकरी, ठेचा आणि शेवभाजी होती. आमच्याकडे कालवणात नारळ नसेल तर ते पाण्यासारखं वाटतं, इथे शेंगदाण्याने तेच काम केलं होतं. फिलूने ठेचा खाल्ला आणि दोन तांबे पाणी प्यायली. सकाळी उठून बघितलं तर निळ्या दिव्यात तीन. तो फोटो तेव्हाचा.

नागपूर

शनिवारी दुपारी एकला पोचलो. नागपूरचे रस्ते रुंद, झाडं मोठी, ऊन मात्र असं की आपल्याकडचं ऊन त्याच्यापुढे लेकरू वाटावं. मुलगा-सून कामावर गेली होती. वहिनीने दार उघडलं आणि आधी माझ्याकडे न बघता डब्याकडे बघितलं.

दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. मी त्याला फोनवर रोज ऐकत होते, पण बघितलं नव्हतं. शर्टाची कॉलर गळ्याभोवती रिकामी उभी होती. हाच माणूस तिसऱ्या पाळीहून येऊन आठ बोंबील आणि अर्धं पातेलं भात संपवायचा. मी त्याच्या पायाशी बसले. तो म्हणाला, "इलंस? खरांच हाडलंस?"

"बघ," मी म्हणाले, आणि डबा उघडून त्याच्या मांडीजवळ धरला.

त्याने एक बोंबील बोटाने दाबून पाहिला. मग वास घेतला. बराच वेळ त्याने डोळे मिटले होते. 

स्वयंपाकघरात आम्ही तिघी. फिलूने खोताच्या वाडीत घरी कुटलेला बाटलीतला मसाला आणला होता, तो अगदी चिमूटभर घेतला. आलं-लसूण, हळद, कोकमाचं आगळ, तांदळाचं पीठ आणि रवा. तव्यावर पहिला बोंबील पडला आणि तो आवाज झाला तेव्हा वहिनीचे हात थांबले. "चार महिने या घरात काही तळलं नाही," ती म्हणाली. "वासाने त्यांना मळमळायचं." आम्ही तिघींनी एकदम बाहेर कान दिला. बाहेरून खोकल्याचा आवाजही आला नाही.

चार बोंबील, मऊ भात आणि आमटी असं ताट मी त्याच्यासमोर ठेवलं आणि समोर बसले. वहिनी दारात उभी राहिली, फिलू तिच्यामागे. माणूस जेवताना तीन बायकांनी असं बघत राहणं बरं नाही हे मला कळत होतं, पण हलवेना.

दादाने एक तुकडा मोडला. बोंबील आत इतका मऊ होता की बोटांतच निसटला. तो तोंडात घालून त्याने बराच वेळ घोळवला, आणि गिळला. मी त्याचा गळा हललेला बघितला. मग दुसरा तुकडा. मग तो थांबला आणि ताटाकडे बघायला लागला.  आता ताटली सरकवणार.

दादाने कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "मीठ कमी आसा."

 मग मी त्याच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला. मीठ कमी होतं. कमी काय, नव्हतंच. सगळं मीठ त्या रसवंतीच्या घमेल्यात धुऊन गेलं होतं, आणि वहिनीने माझा हुकूम पाळून वर चिमूटही टाकली नव्हती. आम्हा तिघींना गडबडीत सुचलं नव्हतं. ज्या माणसाला चार महिने खीर आणि पेज यातला फरक कळत नव्हता, त्याच्या जिभेने ते ओळखलं होतं.

"आणते," वहिनी म्हणाली आणि आत गेली. ती काही लवकर येईना. मी आत जाऊन बघितलं तर ती मिठाची बरणी एका हाताने छातीशी धरून ओट्याला टेकून उभी होती, आणि तोंडावर पदर दाबून तिचे खांदे हलत होते. फिलू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतःही डोळे पुसत होती. मी त्या दोघींना धरलं. आम्ही तिथे किती वेळ उभ्या होतो कोण जाणे.

बाहेरून दादाचा आवाज आला. बसका, फाटलेला, पण चाळीच्या गॅलरीतून खाली नळावरच्या माणसाला हाक मारायचा तोच.

"अगो, मीठ आणूक मिठागरात गेलंस काय? बोंबील थंड होतत हय!"